रक्त किती वाजता घेतलं?

औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचं काम आमच्या फार्माकॉलॉजी विभागाकडे असतं. २०१० पासून देशभर हा कार्यक्रम चालतो. वॉर्डातून फोन आला की जायचं, पेशंटशी बोलायचं, फॉर्म भरायचा. सोलापुरात एप्रिलच्या भर दुपारी असाच एक फोन आला: "फिटच्या गोळीनं युरिक अ‍ॅसिड वाढलंय, बघून घ्या."

पेशंट पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, वय चाळिशीच्या आसपास. काही वर्षांपासून फिटची गोळी, सोडियम व्हॅल्प्रोएट, चालू. सोबत बायको, विड्या वळणारी. रिपोर्टवर युरिक अ‍ॅसिड ९.६. पुरुषांमध्ये ७ च्या वर गेलं की जास्त धरतात.

"मॅडम, भाच्यानं मोबाइलवर बघितलं. या गोळीनंच वाढतं म्हणे. तीन दिवस झाले, बंद केली."

"डाळ बंद केली, शेंगाचटणी बंद केली," बायको म्हणाली. "नुसती भाकरी आणि ताक."

डाळीचं नंतर बघता आलं असतं. गोळी तीन दिवस बंद, हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. फिटचं औषध एकाएकी थांबवलं तर एकामागून एक फिट येत राहतात, कधी जिवावर बेततं. मेडिसिनच्या सरांना तिथूनच बोलावलं आणि त्यांनी तपासून गोळी त्याच दुपारी पुन्हा सुरू केली.

भाच्यानं वाचलेलं खोटं नव्हतं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. फॉर्म भरून मोकळं होता आलं असतं. पण रिपोर्टच्या कोपऱ्यात रक्त घेतल्याची वेळ होती: पहाटे ३.४०.

"फिट कधी आली होती?"

"रातपाळीला. दोनच्या सुमाराला. मागावरच पडले. तिथून उचलून नेलं एका दवाखान्यात, तिथंच रक्त काढलं."

म्हणजे फिटनंतर दोन तासांच्या आत. फिटमध्ये सगळे स्नायू जीव खाऊन आवळले जातात, त्यांतला ऊर्जेचा साठा फुटतो आणि त्या मोडतोडीचं शेवटचं रूप म्हणजे युरिक अ‍ॅसिड. शिवाय त्याच वेळी रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतं आणि मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला हात आखडता घेतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा, बंदिस्त शेड, पाळीभर घाम आणि पाणी बेताचंच. ९.६ चं सगळं खापर गोळीवर फोडायला माझं मन तयार होईना.

त्रास औषधामुळेच झाला का, हे गुण देऊन ठरवायच्या नारांजो मोजपट्टीत दहा प्रश्न असतात. आधीच्या नोंदी आहेत, अधिक एक. आकडा प्रयोगशाळेतला, अधिक एक. दुसरं कारण शक्य आहे, उणे एक. गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्टच नाही, त्यामुळे 'वाढ गोळीनंतरच झाली का' या प्रश्नाला शून्य. बाकीच्यांनाही शून्य. बेरीज एक. 'शक्य' एवढंच म्हणता येतं, त्यापुढे नाही.

"मग युरिक अ‍ॅसिडची गोळी तरी द्या," तो म्हणाला. सांधा कधी सुजलेला नाही, मुतखडा नाही, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक. अशा माणसाला नुसत्या आकड्यापायी अ‍ॅलोप्युरिनॉल देत नाहीत. क्वचित का होईना, त्यानं कातडी सोलून निघेल अशी भयंकर रिअ‍ॅक्शन येते. सरांनी हेच त्याला शांतपणे समजावलं. पाणी भरपूर, गोड कोल्ड्रिंक बंद, आणि कारखान्यात सांगून रातपाळी बदलून घ्यायची, कारण झोपमोड झाली की फिटला निमित्त मिळतं. डाळ आणि शेंगाचटणी मी तिथल्या तिथं सुरू करायला लावली. बायकोचा चेहरा खुलला.

दोन आठवड्यांनी, मध्ये फिट नसताना, सकाळी पुन्हा रक्त घेतलं. गोळी नियमित चालू होती. युरिक अ‍ॅसिड ७.३ आलं. अजून थोडं जास्तच आहे आणि त्यात व्हॅल्प्रोएटचा हात असेलही. म्हणून फॉर्म रद्द केला नाही. दोन्ही आकडे, रक्त घेतल्याच्या दोन्ही वेळा आणि फिटची वेळ लिहून पाठवला. गोळी चालू आहे, पुढची तपासणी तीन महिन्यांनी.