सहाशे एक्केचाळीसने भागताना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझे सहाध्यायी स्नेहसंमेलनांविषयी आणि क्रीडास्पर्धांविषयी लिहितीलच. मला मात्र आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर मांडलेल्या ४,२९,४९,६७,२९७ या संख्येविषयी लिहायचे आहे, कारण गणिताची गोडी मला तिच्यामुळे लागली.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. घातांक १, २, ४, ८ आणि १६ घेतल्यास याच रीतीने ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ संख्या आहेत. तेव्हा पुढच्याही साऱ्या मूळच असणार, असे अनुमान फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये मांडले. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवून दिले की लगेच पुढची, म्हणजे फळ्यावरची ही संख्या ६४१ ने निःशेष भागली जाते आणि भागाकार ६७,००,४१७ येतो.

सरांनी हा गुणाकार आमच्याकडून करून घेतला, नवाचा ताळाही पाहायला लावला (दोन्हीकडे ५ उरतात) आणि मगच खरा प्रश्न विचारला: ६४१ हीच संख्या सुचली कशी? २, ३, ५, ७ अशा क्रमाने मूळ संख्या तपासत गेलो, तर तिथवर पोहोचायला शंभराहून अधिक भागाकार करावे लागतात. ऑयलरने मात्र सिद्ध केले होते की या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ या चारच संख्या वगळल्या की पाचव्या खेपेला ६४१ हाती लागते.

भागाकार न करताही हे पटवता येते आणि मला तीच रीत अधिक देखणी वाटते. वाचकांनी कागद जवळ घ्यावा. ६४० म्हणजे ६४१ उणे १, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताला ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. पण ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, त्यामुळे तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ म्हणजे ६४१ उणे १६, आणि १६ हा २ चा चौथा घात. म्हणून बाकीपुरता विचार केल्यास तोच गुणाकार उणे (२ चा ३२ वा घात) ठरतो. याचा अर्थ, उणे (२ चा ३२ वा घात) आणि १ यांची बाकी सारखीच आहे, म्हणजेच त्यांच्यातील फरक, आपली संख्या, ६४१ ने भागली जाते.

आधीच्या पाच संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा नेमका २ ने कमी. गाउस आणि वान्त्सेल या गणितज्ञांच्या सिद्धांतानुसार इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी-कंपासने काढणे तत्त्वतः शक्य आहे. त्यात दोनच बाजू वाढवल्या की ते अशक्य होते.