सिंगापूर–न्यूयॉर्क: अंतर हातानं निघालं, आता वेळेच्या मागे

मंडळी, सिंगापूरचं चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ, हे अंतराचं गणित वहीत पूर्ण उतरलं. विनाथांबा प्रवासी उड्डाणांत सर्वांत लांबची जोडी म्हणून हीच धरली होती.

सूत्राला हात लावण्याआधी एक गंमत बघा. चांगी 103.99 पूर्व रेखांशावर, जेएफके 73.78 पश्चिमेवर. फरक 177.77 अंश, म्हणजे दोन्ही जवळपास समोरासमोरच्या रेखावृत्तांवर. मग सरळ उत्तर ध्रुवावरूनच जाऊ. चांगीपासून ध्रुव 88.64 अंश, ध्रुवापासून जेएफके 49.36. बेरीज 138. अंशाला 111.195 किमी धरले की 15,345 किमी. साईन नाही, कोसाईन नाही! सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर बृहद्वृत्ताचं (गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गाचं) सूत्र लावल्यावर 15,339 आले.

सगळीकडे दिलेला आकडा मात्र 15,349. हे दहा किमी शोधताना मला सगळ्यात जास्त मजा आली. सूत्र पृथ्वीला गोल मानतं; ती ध्रुवांकडे चपटी आहे. त्यामुळे उत्तर-दक्षिण मोजलेला एक अंश विषुववृत्तापाशी 110.6 किमी भरतो, ध्रुवापाशी 111.7. आपला मार्ग बराचसा वरच्या अक्षांशांतून जातो, म्हणून खरं अंतर वाढतं.

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून आणलेला बारीक दोरा पृथ्वीगोलावर ताणला, तर तो थायलंडचं आखात, लाओस, सिचुआन, मंगोलिया, सैबेरिया करत थेट ध्रुवाजवळ. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा मार्ग सुचणारच नाही.

आता वेळ. ताशी 900 किमीनं 17 तास व्हायला हवेत. वेळापत्रकात साडेअठराच्या पुढे. कारण विमान या दोऱ्यावरून जातच नाही. सिंगापूरहून निघालेलं बहुधा पॅसिफिकवरून जातं: पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पाठीशी मिळतो, म्हणून जास्त किलोमीटर उडूनही ते परवडतं. माझ्या मते अंतरापेक्षा वारा वाचायला शिकणं हाच विमानमार्गांचे हिशेब मांडण्याच्या या छंदाचा खरा गाभा.

लहान पल्ल्याला वेगळाच हिशेब. आपल्या उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून, मुंबई सरळ रेषेत सुमारे 309 किमी. त्याच वेगानं 21 मिनिटं, पण वेळापत्रकात तासाभराच्या आसपास. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत आणि परत जाणं), चढण, उतरण आणि मुंबईवरची रांग यांतच बाकीचा वेळ जातो.

पुढची जोडी मुंबई–न्यूयॉर्क. गोल पृथ्वी धरून 12,533 किमी निघालेत. जाताना वारा समोरून, येताना पाठीवर, तेव्हा दोन्ही दिशांच्या वेळा लागतील. हिवाळ्यात जेट प्रवाह जोरात असतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या नोंदी कुणाकडे असतील तर नक्की द्या. फक्त गेट ते गेट वेळा नकोत. चाकं धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतच्या हव्यात.