तिसरा रोल: बाबा, घोंगडी आणि वडाच्या पारंब्या

डबल एक्स्पोजरचा, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन चित्रं घ्यायच्या प्रयोगाचा, तिसरा फिल्म रोल काल रात्री धुतला. नळाचं पाणी ३० अंशांवर, म्हणून डेव्हलपरची (फिल्म धुवायच्या रसायनाची) बाटली बर्फाच्या घमेल्यात बसवून २० वर आणली. १२ पैकी चार फ्रेम चालतील अशा, त्यातली एक मनापासून आवडलेली. आधीच्या दोन रोलांत मिळून २४ मध्ये दोनच होत्या.

कॅमेरा तोच, यशिका-डी, वर-खाली दोन लेन्स असलेला फिल्म कॅमेरा. यात शटर कॉक करायचा खटका वेगळा आणि फिल्म पुढे नेणारी चकती वेगळी, त्यामुळे एकाच फ्रेमवर हवी तितकी एक्स्पोजर देता येतात. नको असतानाही दिली जातात म्हणा. फ्रेम ९ वर बाबा आहेत, वड आहे आणि माझा बूटही आहे. आता प्रत्येक क्लिकनंतर वहीत रेघ मारतो.

पहिल्या रोलला सगळे सांगतात तो नियम पाळला होता: दोन एक्स्पोजर, म्हणून प्रत्येकी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश. एचपी५ ही ४०० आयएसओची (प्रकाश-संवेदनशीलतेची) फिल्म, तर प्रकाश मोजायच्या मीटरवर ८०० लावायचं. चार द्यायची असतील तर १६००. नियम खोटा नाही, पण तो दोन्ही चित्रं सगळीकडे सारखीच उजळ असतील तेव्हाचा. मला हवी होती बाबांची एका बाजूने काळी आकृती आणि तिच्या आतच पारंब्या. आकाशाला प्रकाश कमी दिल्यावर ते राखाडी झालं, पारंब्या तिथेही उतरल्या, आणि बाबा कुठे संपतात नि झाड कुठे सुरू होतं तेच कळेना. नुसता गोपाळकाला!

या वेळी उलट केलं. संध्याकाळी गच्चीवर बाबांना काळी घोंगडी पांघरायला लावली, मावळतीचं आकाश मोजलं आणि मीटरपेक्षा दोन स्टॉप जास्त दिले. जिथे आकाशानेच फिल्म भरून टाकली, तिथे दुसऱ्या चित्राला लिहायला जागाच उरत नाही. ते उतरतं फक्त घोंगडीत. दुसऱ्या दिवशी वाई-सुरूर रस्त्यावर जाऊन वडाला पूर्ण एक्स्पोजर दिलं, काटछाट नाही.

जुळणीसाठी पारदर्शक शीट चौकोनी कापून फोकसिंगच्या काचेवर ठेवली आणि बाबांची कड मार्करने गिरवली. काचेवर डावं-उजवं उलट दिसतं, पण गिरवलेलंही उलटंच, त्यामुळे डोकं चालवावं लागत नाही. तरी दुसऱ्या रोलमध्ये भुवईवर बेतलेली फांदी नाकावर आली होती आणि टाळू वरून कापली गेली होती. दोन दिवस मी शीट हलली असं समजून तिलाच शिव्या घातल्या. दोष पॅरॅलॅक्सचा होता, म्हणजे दोन लेन्स दोन जागांवरून बघतात त्याचा. बघायची लेन्स वर, फोटो काढणारी खाली. फूटपट्टीने मोजलं तर मधलं अंतर सव्वाचार सेंटिमीटर. एक मीटरवरच्या माणसावर फरक नेमका तेवढाच पडतो, म्हणजे ८० मिमी लेन्सने फिल्मवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. लांबच्या वडाला काहीच फरक नाही. म्हणून दोन चित्रं काचेवर जुळतात आणि फिल्मवर फसतात.

आता ट्रायपॉडच्या मधल्या दांड्यावर दोन खुणा केल्या आहेत. खालच्या खुणेवर फ्रेम लावायची, कड गिरवायची, मग कॅमेरा वरच्या खुणेपर्यंत उचलून क्लिक. वडाला उचलायची गरज नाही. फ्रेम ५ मध्ये फांदी भुवईवर बसली, पारंब्या दाढीसारख्या छातीवर उतरल्या.

गंमत म्हणून बाबा आणि वड यांची वेगवेगळी निगेटिव्ह स्कॅन करून संगणकावर एकमेकांवर ठेवली, म्हणजे कंपोझिटही केलं, वरचा लेयर स्क्रीन मोडवर. लायटन या दुसऱ्या मोडमध्ये प्रत्येक बिंदूला दोघांपैकी जो उजळ तोच राहतो, स्क्रीनमध्ये प्रकाश साचत जातो, म्हणून फिल्मच्या जवळचं तेच. खरं सांगायचं तर कंपोझिट जास्त नेटकं आलं. पारंबी बोटभर सरकवता येते. त्याला लबाडी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. रेयलँडर या छायाचित्रकाराने १८५७ मध्ये तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं, तेव्हापासून हे भांडण चालू आहे. पण भिंतीवर लावायला मी फ्रेम ५ च निवडली, नाकाजवळच्या डागासकट.

चौथ्या रोलला एकाच फ्रेमवर चार एक्स्पोजर करून बघायची आहेत. बाबांनी मात्र बजावलंय, पहिला पाऊस पडल्याशिवाय घोंगडी अंगाला लावणार नाही.