डायलला हात लावायचा नाही

"दादा, डायल नवीन करून द्या, केसला पोलिश मारा आणि रात्रीत बंद पडतं तेवढं बघा. मुलाच्या लग्नात त्याच्या हातात घालायचंय." ताईंनी तिन्ही कामं एका दमात सांगितली आणि रुमालाची पुडी काउंटरवर सोडली. आत ओमेगा कंपनीचं कॉन्स्टेलेशन घड्याळ, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं), तारखेचं. त्यांचे वडील १९६५ साली इंग्लंडहून बोटीनं मुंबईला परतताना एडनला उतरले होते, तिथल्या जकातमाफ बाजारात घेतलेलं.

पहिली दोन कामं या घड्याळाचं कायमचं नुकसान करणारी होती. तिसऱ्यात खरा दोष होता, आणि तो त्यांना वाटत होता त्यापेक्षा खोल होता.

कॉन्स्टेलेशन बाजारात आलं १९५२ मध्ये. मागच्या झाकणावरच्या पदकात वेधशाळा आणि वर आठ तारे असतात. वेधशाळांच्या स्पर्धांत अचूकतेत मिळवलेल्या यशाची ती खूण. इंग्लंडमधल्या क्यू-टेडिंग्टनच्या चाचणीत ओमेगानं १९३३ आणि १९३६ मध्ये विक्रम केले, दुसऱ्या वेळी १०० पैकी ९७.८ गुण घेऊन. डायलवर 'अधिकृत प्रमाणित क्रोनोमीटर' (अचूकतेच्या चाचणीत उतरलेलं घड्याळ) या अर्थाचे शब्द आहेत ते शोभेसाठी नाहीत. आज अशी प्रमाणपत्रं देणारी कॉस्क ही संस्था १९७३ ची. त्याआधी स्वित्झर्लंडमधली सरकारमान्य कार्यालयं एकेक मशीन दिवसेंदिवस तपासून प्रमाणपत्र देत. याचा मशीन नंबर २ कोटी १० लाखांच्या घरात, म्हणजे साधारण १९६४ चं उत्पादन. एडनच्या हकिकतीशी चोख जुळणारं.

डायल आधी बघितलं. सपाट नाही, उपडी घातलेली ताटली असावी तसं, मध्ये सपाट आणि कडेला बारा पैलूंची उतरण. संग्राहक त्याला पाय-पॅन म्हणतात. रंग मुळात चांदीसारखा, आता लोण्यासारखा पिवळसर, चारच्या आकड्याजवळ तांबूस ढग. ताईंना तो ढगच खुपत होता.

अशा डायलवर मुंबईत एकदा ना एकदा रंग चढलेला असतोच, असं धरून चालावं लागतं. आपल्याकडच्या पुन्हा छापलेल्या डायलांची परदेशी बाजारात 'मुंबई स्पेशल' म्हणून बदनामी आहे. म्हणून आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावून अक्षरं तपासली. या काळातल्या कॉन्स्टेलेशनला एक सोपी कसोटी लागते. तीन ओळी एकाखाली एक: ऑटोमॅटिक, क्रोनोमीटर, ऑफिशियली सर्टिफाइड. पहिलीतल्या 'एम'च्या मधल्या टोकातून सरळ खाली रेघ ओढली तर ती दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या 'ओ'च्या पोटातून जाऊन तिसऱ्या ओळीतल्या 'वाय'वर पडली पाहिजे. स्टीलची पट्टी काचेवर धरली. रेघ केसाइतकीही हलली नाही. डायल कारखान्यातून आलं तसंच होतं, ५०-५५ वर्षं कुणी हात न लावलेलं. आमच्या बेंचवर असं डायल वर्षात एखादंच येतं.

नवीन करायला दिलं असतं तर काय झालं असतं, ते ताईंना कागदावर काढून दाखवलं. जुनं लॅकर (वरचा पारदर्शक थर) रसायनात उतरवतात, मग पत्रा घासतात. घासताना बारा पैलूंच्या धारा गोल होतात. या डायलचा सगळा जीव त्या धारांत आहे. मनगट वळलं की उजेड एका पैलूवरून दुसऱ्यावर उडी मारतो, तो फक्त धार शाबूत असेल तरच. वर बसवलेला तारा आणि चिन्ह काढताना त्यांचे बारीक पाय तुटतात, मग ते डिंकानं चिकटवतात. छपाई जाड येते. एवढं सगळं कशासाठी, तर एक ढग घालवायला. लॅकर म्हातारं झाल्याचा तो डाग, आत ओल नव्हती. पुढे वाढण्याचं कारण नव्हतं.

केसचंही, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पेटीचंही, तसंच. आत स्टील, वर सोन्याचं कवच. बफवर (पोलिशच्या फिरत्या चाकावर) धरलं की सगळ्यात आधी लग्जच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) कडा झिजतात आणि खालचं स्टील पांढरं दिसायला लागतं. पदकावरच्या ताऱ्यांचंही तेच होतं. कवच एकदा गेलं की गेलं.

"मग नवीन दिसणार कसं?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी आयग्लास त्यांच्या हातात दिला, दिवा तिरका केला आणि घड्याळ हळूहळू फिरवलं. पैलू एकामागून एक उजळत गेले. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं, डायल राहू दे."

आता दोष. चावी पूर्ण देऊन घड्याळ न हलवता ठेवलं. २६ तासांत थांबलं. हे कॅलिबर (मशीनचं मॉडेल) ५६१, ताशी १९,८०० ठोके, २४ रत्नं (घर्षण कमी करणारे खडे). याला ५० तासांच्या जवळपास जायला हवं. टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) या मशीनचा लिफ्ट अँगल ४९ अंश ठेवून डायल वर करून बघितलं तर अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) जेमतेम २०५ अंश. हलवलं की आतून खरखर.

झाकण उघडलं. रबरी गॅस्केटचं काळं डांबर झालं होतं. ते धातूच्या टोकानं खरवडायचं नाही. लाकडी काडीनं उचलायचं आणि बेन्झिननं पुसायचं. झाकणाच्या आत गोल ओरखडा, रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारं वजन) घासल्याचा. या मालिकेची ठरलेली खोड: रोटरची दांडी आणि तिचं बुश (दांडी ज्यात फिरते ते कडं) झिजतं, जड रोटर एका बाजूला कलतो आणि कधी झाकणाला, कधी खालच्या पुलाला (मशीनचे भाग धरणाऱ्या पट्टीला) घासतो. चिमट्यानं रोटरची कड उचलली तर ती डोळ्यांना दिसेल इतकी हलली. आधी कुणीतरी यावर तोड म्हणून पातळ पत्र्याची चकती खाली सरकवली होती. तिचा कीस सगळ्या ऑटोमॅटिक भागात पसरला होता.

दांडी आणि बुश जोडीनंच बदलावं. नुसती दांडी बदलली तर जुन्या लंबगोल बुशात नवी दांडी पुन्हा तशीच झिजते. सुटे भाग यायला तीन आठवडे लागले.

रात्रीत बंद पडण्याचं मूळ मात्र बॅरलमध्ये, म्हणजे मुख्य स्प्रिंगच्या डबीत होतं. ऑटोमॅटिकची मेनस्प्रिंग बॅरलला अडकवलेली नसते. शेवटचा वळसा भिंतीला दाबून धरतो आणि पूर्ण भरल्यावर घसरतो, म्हणजे स्प्रिंग तुटत नाही. ही घसरण योग्य वेळी व्हायची तर भिंतीला ब्रेकिंग ग्रीस (घसरण रोखून धरणारं) लागतं. मागच्या दुरुस्तीत तिथं साधं तेल सोडलेलं. स्प्रिंग निम्मी भरली की घसरत होती. माणूस कितीही हात हलवो, साठा निम्म्याच्या वर जात नव्हता. नवी स्प्रिंग घातली, भिंतीला क्लुबर पी १२५ या ब्रेकिंग ग्रीसचे सहा छोटे ठिपके.

बाकी काम नेहमीच्या क्रमानं. पॅलेटची (चाकाला ठोक्याठोक्यानं सोडणाऱ्या नांगराची) रत्नं शेलॅकनं, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या लाखेनं चिकटवलेली असतात, म्हणून तो भाग अल्कोहोलमध्ये बुडवायचा नाही. सावकाश फिरणाऱ्या चाकांना घट्ट तेल, बॅलन्सच्या रत्नांना ९०१० नंबरचं पातळ तेल, पॅलेटच्या तोंडाला ९४१५ नंबरचं वंगण. पॅलेटच्या पिव्हटना (आसाच्या टोकांना) तेल नाही, कितीही मोह झाला तरी. डायल सोडवताना बाजूचे दोन स्क्रू सैल केले आणि ते बंद डबीत ठेवलं. फुंकणीनं धूळ उडवली, बस्स. ओला कापूस या छपाईवरून फिरवला तर अक्षरं कापसावर येतात.

काच साधी बसवलेली होती. अस्सल प्लास्टिक काचेच्या बरोबर मध्ये ओमेगाचं चिन्ह सुईच्या टोकाएवढं कोरलेलं असतं, तिरक्या उजेडातच दिसतं. तशी काच मागवली. चावी मात्र मूळची, दहा बाजूंची, तीच ठेवली. शेवटी बॅलन्सवरच्या हंसमानेच्या रेग्युलेटरनं (वेग कमी-जास्त करायच्या दांडीनं) वेळ जुळवली: अ‍ॅम्प्लिट्यूड २८२, डायल वर असताना दिवसाला ४ सेकंद पुढे. मशीनवरच कोरलंय की ते पाच स्थितींत आणि तापमानात जुळवलेलं आहे, म्हणून पाचही स्थितींत बघितलं. सगळ्यात वाईट स्थितीत ७ सेकंद मागे. न हलवता ४८ तास चाललं.

असं घड्याळ तुम्ही कंपनीच्या किंवा कुठल्याही सर्व्हिस सेंटरला देणार असाल तर पावतीवर लेखी घ्या: डायल, काटे, चावी बदलायची नाही, केस पोलिश करायचा नाही, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. थकलेला भाग बदलणं हा तिथला रिवाज असतो आणि तो नव्या घड्याळासाठी योग्यच आहे. जुन्याचं मोल जुन्या भागांत असतं, हे सांगायचं काम मालकाचं.

झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या कारागिरांनी सुईनं कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या. मी चौथी कोरली नाही. ताईंना घड्याळ दिलं तेव्हा सोबत एक पाकीट दिलं. त्यात जुनी स्प्रिंग, झिजलेली दांडी आणि बुश, ती पत्र्याची चकती, साधी काच; आणि पुढच्या कारागिरासाठी चिठ्ठी: "बुश, दांडी, मेनस्प्रिंग बदलली. डायल मूळचं आहे."

ताईंनी चिठ्ठी वाचली, खाली पेननं वडिलांचं नाव आणि 'एडन, १९६५' लिहिलं आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.