लोकवनच्या आजोळी

जालन्याच्या मोंढ्यात गव्हाच्या पोत्यापुढं उभं राहिलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "लोकवन आहे का?" या नावात वनबिन काही नाही. गुजरातेत सणोसऱ्याला लोकभारती म्हणून संस्था आहे, तिथं तयार झालेलं हे वाण, 'लोक-१'. त्या इंग्रजी 'वन'चा उच्चार तसाच राहिला आणि लोकवन होऊन ते आपल्या डब्यांत जाऊन बसलं. त्याच्या आईबापांपैकी एक म्हणजे सोनालिका. सोनालिकाची मुळं मेक्सिकोत, आणि मेक्सिकोत बसून तो बुटका गहू घडवणारा माणूस होता आयोवातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, नॉर्मन बोरलॉग. छत्तीस वर्षं कृषी खात्यात बांधाबांधानं हिंडलो, तेव्हा ही वंशावळ तोंडपाठ होती. पण बोरलॉगचं गाव लेकीच्या घरापासून दीड तासावर असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

लेक मिनेसोटातल्या रॉचेस्टरला असते. मेयो क्लिनिक या नामांकित इस्पितळाचं गाव. तिथं महिनाभर राहून मी टीव्ही, बाग आणि नातवाची शाळेची बस, एवढ्यावर दिवस काढत होतो. एका संध्याकाळी नकाशा चाळताना दक्षिणेला राज्याची हद्द ओलांडल्यावर 'क्रेस्को' हे बोरलॉगच्या गावाचं नाव दिसलं आणि मी खुर्चीतून उठलोच. जावईबापूंना वाटलं, काही दुखतंय की काय. शनिवारी निघायचं ठरलं. लेकीनं आधी फोन करून ठेवला, कारण बोरलॉगचं घर रोज उघडं नसतं. कुणीतरी किल्ली घेऊन यावं लागतं.

जुलैचा शेवट होता. ६३ नंबरच्या रस्त्यानं सरळ दक्षिणेला. मक्याला तुरे आलेले, सोयाबीनच्या ओळी मिटलेल्या, आणि कुठं वळण म्हणून नाही. इथली जमीन मैलामैलाच्या चौकोनात मोजलेली आहे. एक चौकोन ६४० एकरांचा, त्याच्या चारी कडांना शक्यतो रस्ता. धुरा कोरल्याची भानगड नाही, सामाईक विहिरीची कोर्टकचेरी नाही. आमच्याकडचा तलाठी इथं बसून माशा मारेल. शेतकरी येण्याआधीच जमीन मोजून तयार होती. अर्थात ती रिकामी नव्हती. जवळच फोर्ट ॲटकिन्सन म्हणून जुनी लष्करी गढी आहे, १८४० सालची. हो-चंक या इथल्या आदिवासी लोकांना या भागात आणून ठेवलं होतं, त्यांच्यावर देखरेख करायला ती बांधली. १८४८ त त्यांना इथूनही हलवलं. मग नॉर्वेची आणि बोहेमियाची, म्हणजे चेक मुलखातली, माणसं आली, आणि ते चौकोन त्यांच्या नावावर झाले.

माती मात्र काय सांगू! एका ठिकाणी गाडी थांबवायला लावून मी मूठभर उचललीच. गोदाकाठची काळी आठवली. पण आमची काळी उन्हाळ्यात भेगाळते, ही बोटांत भुसभुशीत सुटत होती. मागून एक पिकअप आली. चालवणाऱ्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं आणि पुढं गेला. जावईबापू म्हणाले, "ओळखीचा आहे का?" मी म्हटलं, अहो, हा राम राम होता. पुढच्या दहा मैलांत असे नऊ राम राम मोजले. शेवटच्या तीन वेळा मीही बोट वर केलं.

क्रेस्को दुरून ओळखू येतं ते पाण्याच्या टाकीमुळं आणि धान्याच्या उंच कोठारांमुळं. वस्ती चार हजारांच्या आत, पण तालुक्याचा म्हणा, जिल्ह्याचा म्हणा, कारभार इथंच चालतो. एल्म स्ट्रीट ही मुख्य पेठ. विटांच्या दुमजली इमारती, त्यांत एक थिएटर १९१४ चं, म्हणजे बोरलॉगच्या जन्मसालचं, आणि तिथं अजून सिनेमे लागतात. दोन-तीन दुकानांच्या काचांवर आतून कागद चिकटवलेले. बंद पडलेलं दुकान कुठल्याही मुलुखात सारखंच दिसतं.

एका हॉटेलात कॉफी प्यायला बसलो. शेजारच्या लांब टेबलावर सहा-सात म्हातारे, सगळ्यांच्या टोप्यांवर बियाणं कंपन्यांची नावं. त्यांचं काय चाललंय म्हणून कान दिला तर, "तुझ्याकडं किती पडला?" "सात दशांश. तुझ्याकडं?" "माझ्याकडं नुसता शिंतोडा, रस्त्यापलीकडं मात्र इंचभर." अंबडच्या स्टँडवरच्या टपरीवर आत्ता याच वेळी हेच बोलणं चालू असणार, आकडे मिलिमीटरमध्ये. ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, म्हणून काही तरी समोर आलं. अंबाडीच्या आंबटपणाला कुणी साखर लावून पुरणासारखं भरलं तर जसं लागेल, तसं लागतं. मला आवडलं. लेकीला नाही.

त्यातला एकजण उठून आमच्याकडं आला. "इंडिया? मग नॉर्मसाठी आला असाल." किल्लीवाला तोच निघाला. सत्तरी ओलांडलेला, रिटायर झालेला शेतकरी. पण पहिली गोष्ट त्यानं गव्हाची काढली नाही, कुस्तीची काढली. आयोवाच्या पैलवानांचं हॉल ऑफ फेम क्रेस्कोतच आहे. नॉर्मन इथल्या हायस्कुलाचा पैलवान. पुढं मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला, तरी कसाबसा आत शिरला आणि तिथंही कुस्ती खेळला. १९९२ त देशाच्या कुस्ती हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. नोबेलपेक्षा म्हाताऱ्याला त्याचं कौतुक जास्त. याच राज्यातल्या वॉटर्लूचा डॅन गेबल १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्ण घेऊन आला, हेही त्यानं सांगितलं. मग मी खाशाबा जाधव काढले. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर, १९५२, हेलसिंकी, कांस्य. "कुठल्या वजनात?" त्यानं लगेच विचारलं. बँटमवेट म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं आपल्यातला माणूस म्हणून बघितलं.

बोरलॉगांचं शेत गावापासून नैर्ऋत्येला, सॉडे नावाच्या नॉर्वेजियन वस्तीच्या बाजूला. खडीचा रस्ता, मागं धुळीचा लोट. नॉर्मनचा जन्म २५ मार्च १९१४ चा, आजोबांच्या घरातला. वाढला तो वडिलांच्या शेतावर, ते १०६ एकरांचं. घर साधं, पांढरं, लाकडी. आवारात एकशिक्षकी शाळेची खोली आणून ठेवली आहे, 'न्यू ओरेगन नंबर ८'. एकच खोली, मध्ये शेगडी, आठवीपर्यंतचे सगळे वर्ग तिथंच. पाच वर्षांचा असताना शाळेतून परतताना बर्फाच्या वादळात हा पोरगा थकून खाली बसला होता. चुलत बहीण सिना हिनं त्याला ओढून उठवलं, म्हणून घरी पोचला. पुढं तीच सिना शाळेत शिक्षिका झाली आणि तिनंच घरच्यांना गळ घातली, याला हायस्कुलाला पाठवा. आजोबांचंही म्हणणं तेच, पुढं पोट भरायचं असेल तर आधी डोकं भर. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा कुठं पोराचे दोन हात कामातून सुटले. माझ्या वर्गातली निम्मी पोरं कापूस वेचणीत शाळा सोडून गेली, ती बाकावर बसल्या बसल्या एकेक आठवत गेली.

बाकावर बसूनच मी म्हाताऱ्याला मिलोबद्दल विचारलं. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत, आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, गिळताना घशाला लागायची. म्हटलं, तुमच्याकडं ती कुठं पिकते?

"मिलो? इथं नाही. खाली कॅन्ससकडं. गुरांना घालतात," तो सहज म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं टोपी काढली, परत घातली.

मी म्हटलं, आमच्या आईनं ते तेव्हाच ओळखलं होतं.

खरं तर तोवर बोरलॉगचा गहू भारतात येऊन सहा-सात वर्षं झाली होती. १९६६ त मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं, सुब्रमण्यम कृषिमंत्री होते, शास्त्रज्ञ स्वामिनाथन पाठीशी होते, आणि पंजाबात गहू ठेवायला कोठारं पुरेनात. ऑक्टोबर १९७० त नोबेलची बातमी आली तेव्हा बोरलॉग टोलुकाजवळ गव्हाच्या शेतात होता. बायकोनं गाडी घेऊन जाऊन त्याला सांगितलं. पण त्या गव्हाला पाणी लागतं, खत लागतं. आमचं शिवार कोरडवाहू. म्हणून जगाची भूक हटवल्याबद्दल बक्षीस मिळालं त्यानंतर दोन वर्षांनी मराठवाडा खडी फोडत होता. बोरलॉगला यात दोष देणारा मी नाही. त्याचा गहू नसता तर रेशनवर तेवढंही आलं नसतं, असं माझं मत आहे. पंजाबचं खाली गेलेलं भूजल आणि आयोवाच्या नद्यांमधलं खतांचं नायट्रेट, याचा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा, हेही माझंच मत आहे. दोन्ही मतं मी खात्यात असताना बैठकीत कधी बोललो नाही.

म्हाताऱ्याला मी आमच्या जालन्याचं सांगितलं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ त तिथं महिको काढली, संकरित बियाणं खेड्यापाड्यांत नेलं, आणि बोरलॉगनंच सुरू केलेलं वर्ल्ड फूड प्राइझ १९९८ त त्यांना मिळालं. "जालना," त्यानं दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, तिथं मका किती निघतो? एकरी वीस-पंचवीस क्विंटल काढला तर माणूस पेढे वाटेल, म्हटलं. त्याचं बुशेल या तिकडच्या मापातलं उत्तर जावईबापूंनी मोबाइलवर वळवून सांगितलं. एकरी पन्नास क्विंटल, आणि ही राज्याची सरासरी. मी गप्प बसलो. त्यातला निम्म्याहून जास्त मका इथेनॉलला जातो, बराचसा डुकरांना. मैलोन्‌मैल पीक, पण त्यातलं सरळ माणसाच्या ताटात जाणारं फार थोडं.

बाहेर आल्यावर त्यानं मक्यापलीकडं बोट दाखवलं. शेताच्या मधोमध झाडांचा एक चौकोन उभा होता. वारा अडवायला लावतात तशी झाडं, तीन बाजूंनी, आणि आत काहीच नाही. "तिथं घर होतं. तिकडं दुसरं. त्या टोकाला तिसरं." पूर्वी ६४० एकरांच्या चौकोनात चार कुटुंबं धरायची, १६० एकरांचं एकेक. आता शेजारचे बापलेक दोघंच मिळून दोन हजार एकर करतात. सगळं यंत्रावर. या काउंटीत १९०० च्या सुमारास १४,००० च्या वर माणसं होती, २०२० च्या शिरगणतीत ९,५०० सुद्धा भरली नाहीत. पीक वाढत गेलं तशी माणसं कमी होत गेली. आमच्या गल्लीत सध्या अकरा घरं आहेत, त्यांतली पाच कुलूपबंद. पोरं छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला, आणि माझी इथं.

मग उरलेली माणसं करतात काय? तर सगळंच. आग विझवणारे म्हणजे गावातलेच, बिनपगारी. बंब आला की चालवणारा हार्डवेअर दुकानातला. मागच्या हंगामात एका शेतकऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन रॉचेस्टरला झालं. मका उभा. एका सकाळी शेजारपाजारचे सात हार्वेस्टर त्याच्या शेतात उतरले, धान्याच्या ट्रकांची रांग लागली, बायकांनी बांधावर जेवण आणलं, आणि अंधार पडायच्या आत शिवार मोकळं. "तुम्ही याला काय म्हणता?" मी विचारलं. "काही नाही. शेजार." आमच्याकडं याला शब्द आहे, म्हटलं, इर्जिक. शब्द शिल्लक आहे, बैलजोड्या गेल्या तशी इर्जिक बंद पडली. त्याला तो शब्द काही केल्या म्हणता येईना. 'इज्जिक' वर आम्ही तडजोड केली.

परतताना त्याच्याच सांगण्यावरून स्पिलव्हिलला वळलो. चारशेच्या आतली वस्ती, बहुतेक मूळची चेक. १८९३ च्या उन्हाळ्यात अंतोनिन ड्वोर्झाक हा मोठा संगीतकार न्यूयॉर्कला कंटाळून इथं बायकोपोरांसह येऊन राहिला. आपली भाषा बोलणारं गाव मिळाल्यावर चार तंतुवाद्यांसाठीची एक प्रसिद्ध रचना त्यानं काही दिवसांतच लिहून काढली, आणि सकाळी चर्चमध्ये जाऊन ऑर्गन वाजवायचा. तो राहिला त्याच घरात आता फ्रँक आणि जोसेफ या बिली बंधूंची घड्याळं आहेत. दोघं शेतकरी, दोघं बिनलग्नाचे. हिवाळ्यात शेतीला काम नाही म्हणून लाकूड कोरत बसायचे, १९१३ पासून ते थेट १९५८ पर्यंत. माणसापेक्षा उंच घड्याळं, त्यांतून फिरणारे संत. हेन्री फोर्डनं त्यातल्या एका घड्याळाला दहा लाख डॉलर देऊ केले, १९२८ त. दोघा भावांनी दिलं नाही. पुढं सगळी घड्याळं गावाला देऊन टाकली, अट एवढीच की विकायची नाहीत आणि एकमेकांपासून तोडायची नाहीत. जावईबापू परतीच्या वाटेवर बराच वेळ दहा लाखांवर व्याज लावत होते.

हद्दीच्या अलीकडं रस्त्याकडेला एक हातगाडी उभी होती. स्वीटकॉर्नची कणसं, एक डबा, डझनाचा भाव खडूनं लिहिलेला. माणूस नाही. मी इकडंतिकडं पाहिलं, कॅमेराही दिसला नाही. सुटे नव्हते, म्हणून लेकीनं जास्तीची नोट टाकली आणि मी त्या हिशेबानं दोन कणसं जास्त घेतली.

ही कणसं इथं उकडून लोणी लावून खातात. मला भाजलेलंच हवं. रात्री लेकीच्या स्वयंपाकघरात शेगडीवर धरलं, चांगलं काळं होऊ दिलं, तिखट-मीठ काढून ठेवलं. तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. नातू कानांवर हात ठेवून नाचतोय, जावईबापू खुर्चीवर चढून टॉवेल हलवतायत, आणि मी लिंबू शोधतोय.