सातारा निवडला, वाई सापडेना: ब्राउझर-एजंटच्या टूलवर्णनांची नोंद, आठवडा तिसरा

ब्राउझर-एजंट म्हणजे आपल्या वतीने वेबपानं उघडून फॉर्म भरणारं एआय मॉडेल, आणि टूल्स म्हणजे त्यासाठी त्याला वापरायला दिलेल्या आज्ञा. गेल्या खेपेला त्याचा सराव-फॉर्म अर्ध्यावर अडकला होता. या आठवड्यात तो सलग पाच वेळा शेवटपर्यंत गेला. क्लिक कसं करायचं, पर्याय कसा निवडायचा या कोडला मी हात लावलेला नाही. बदलले ते शब्द: टूल्सची वर्णनं आणि एररचे निरोप.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात. माझ्याच लॅपटॉपवर एक पान आहे: नाव, जन्मतारीख, जिल्हा, तालुका आणि शेवटी ‘सादर करा’. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी दोन सेकंदांनी भरते. ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण खऱ्या अर्जांच्या पानांवर नेमकं हेच होतं. एजंट आणि प्लेराइट (कोडमधून ब्राउझर चालवणारी लायब्ररी) यांच्या मधे माझा छोटा एमसीपी सर्व्हर (एमसीपी म्हणजे मॉडेलला टूल्स जोडून देण्याची ठरलेली पद्धत), त्यात सहा टूल्स: उघड, स्नॅपशॉट, क्लिक, टाइप, निवड, थांब. स्नॅपशॉट म्हणजे इथे चित्र नव्हे. पानाच्या ॲक्सेसिबिलिटी ट्रीची, म्हणजे स्क्रीन रीडर ज्यावर चालतो त्या रचनेची, मजकुरातली प्रत. तिच्यात प्रत्येक घटकाला ‘ई१२’सारखा रेफ, म्हणजे ओळखखूण, मिळतो आणि क्लिक करताना तोच द्यायचा असतो.

क्लिकचं माझं पहिलं वर्णन होतं: ‘पानावरील घटकावर क्लिक करते.’ यात खोटं काहीच नाही, पण एजंटला त्यातून काही कळतही नाही. त्याने सातारा निवडला आणि लगेच, जुन्याच स्नॅपशॉटच्या भरवशावर, तालुका निवडायला गेला. यादी रिकामी. ‘वाई’ सापडेना. पुन्हा तेच, तीन वेळा. चौथ्या वेळी त्याने जिल्हाच बदलून पुणे केला! लॉग वाचताना मला फार वाईट वाटलं. यादी उशिरा भरते, पान बदललं की जुने रेफ कामाचे राहत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मॉडेलला आपला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा), एवढ्यावर त्याने सगळं ओळखायचं.

आता वर्णन असं आहे:

‘दिलेल्या रेफच्या घटकावर एकदा क्लिक करते. रेफ सर्वांत ताज्या स्नॅपशॉटमधलाच द्या. क्लिक किंवा निवड केल्यावर, किंवा पान बदलल्यावर, जुने रेफ बाद समजा आणि नवा स्नॅपशॉट घ्या. यादीतला पर्याय निवडायला आधी ‘निवड’ वापरा.’

शेवटचं वाक्य सर्वांत जास्त कामी आलं. टूल कशासाठी आहे हे आपण सगळेच लिहितो, कशासाठी नाही हे राहून जातं. हे मी मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपी या तयार सर्व्हरवरून शिकले. तिथे स्क्रीनशॉटच्या वर्णनातच सांगितलंय की स्क्रीनशॉट पाहून कृती करता येत नाही, त्यासाठी स्नॅपशॉट घ्या.

‘आधी’ हा शब्द नंतर घातला. ‘निवड’ फक्त खऱ्या सिलेक्टवर (एचटीएमएलच्या तयार निवड-यादीवर) चालतं, डिव्ह म्हणजे साधे चौकोन जोडून केलेल्या यादीवर क्लिकच करावं लागतं. ते सगळं वर्णनात कोंबण्यापेक्षा एररमध्ये घातलं: ‘हा सिलेक्ट नाही. क्लिक करून यादी उघडा, नवा स्नॅपशॉट घ्या, मग पर्यायावर क्लिक करा.’ एजंट अडतो त्याच क्षणी हा निरोप त्याच्या हातात पडतो. वर्णनाइतकीच मेहनत मी आता एररवर घेते.

‘थांब’ला सेकंद किंवा मजकूर, दोन्ही देता येत होतं, एजंट दर वेळी एक सेकंद द्यायचा. ‘कशाची वाट पाहायची ते ठाऊक असेल तर मजकूर द्या, सेकंद नको’ एवढं लिहिलं आणि तो ‘वाई’ दिसेपर्यंत थांबू लागला.

तारखेची गंमत वेगळीच. लेबलवर ‘दिवस/महिना/वर्ष’ होतं म्हणून त्याने अगदी इमानदारीत तसंच, तेही देवनागरी आकड्यांत भरलं. प्लेराइटला तारखेच्या रकान्यात वर्ष-महिना-दिवस आणि इंग्रजी आकडे लागतात. स्कीमातल्या त्या इनपुटला एक ओळ आणि एक नमुना जोडला, प्रश्न मिटला.

वर्णनं मराठीत चालतात का, असं काहींनी विचारलं होतं. माझ्याकडे चालली. पण देवनागरीला टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते) जास्त लागतात आणि वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात, त्यामुळे लांबी आवरती ठेवा.

राहिलं ‘सादर करा’. एमसीपीत टूलवर ‘हे काही मोडू शकतं’ अशी खूण लावता येते, पण ती खूणच. तिने कुणी अडत नाही. म्हणून सादर करण्याचं टूल वेगळं काढतेय, आणि माणसाचा होकार आल्याशिवाय सर्व्हरच ते पुढे जाऊ देणार नाही. साधं क्लिकही त्या बटणावर नाकारलं जाईल. होकार मागताना काय दाखवायचं, तो मसुदा सध्या एवढाच आहे: ‘जिल्हा सातारा, तालुका वाई. सादर करू का?’ नाव आणि जन्मतारीखही त्यात हवी, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.