आयटिनररीत नसलेलं गाव : स्मिझानी

टूर मॅनेजरच्या कामात बस बंद पडणं ही काही नवी गोष्ट नाही, पण स्लोव्हाकियातल्या स्मिझानी नावाच्या गावात बंद पडली त्या दिवसाबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. बुडापेस्टहून सुरू होणारी सेंट्रल युरोपची टूर, ग्रुप सगळा सीनियर सिटिझन्सचा, पुणे-नाशिक-सोलापूरकडचे तीसेक पॅक्स म्हणजे प्रवासी. त्या दिवशी पोप्रादहून निघून आधी 'स्लोव्हाक पॅराडाइज' नॅशनल पार्कच्या कडेला एक फोटो स्टॉप, मग लेव्होचा, मग स्पिश कॅसल आणि रात्री कोशित्सेला मुक्काम असा प्लॅन. फोटो स्टॉप झाला, कडे बघून झाले, होर्नाद नदी ज्या घळीतून वाहते तिथे खडकाला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्यांवरून १९७४पासून लोक चालतात हे मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सांगून झालं, बस निघाली आणि गावात शिरता शिरता ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. एअर प्रेशर पडत होतं. प्रेशर गेलं की या गाड्यांचे ब्रेक लागतात ते लागतातच, ढकलूनही गाडी हलत नाही. मेकॅनिक येणार कोशित्सेहून, पार्ट मिळाला तर संध्याकाळपर्यंत, नाहीतर दुसरी बस.

आता तीसेक ज्येष्ठ माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, एकींचा शनिवारचा उपास. टॉयलेट, पाणी, बसायला सावली या तीन गोष्टी आधी, बाकी सगळं नंतर. चौकशी करत गेले तर गावात छोटं म्युझियम आहे असं कळलं, आणि तिथल्या बाईंनी काही न विचारता दार पूर्ण उघडून खुर्च्या बाहेर काढायला सुरुवात केली. सत्तरीच्या आसपासच्या असाव्यात. इंग्लिश अजिबात नाही, मला स्लोव्हाक येतं ते हॉटेल आणि रेस्टॉरंटपुरतं. फोनवरच्या ट्रान्सलेटरवर आमचं खाणाखुणांसकट चाललेलं असताना आमच्यातले एक काका पुढे आले आणि त्या बाईंशी थेट रशियनमध्ये बोलायला लागले.

हे काका ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले. तिथे १९६४पासून मिग या रशियन लढाऊ विमानांचा कारखाना, त्यामुळे त्यांच्या पिढीतल्या कित्येक इंजिनियर्सनी रशियन शिकून घेतलेली, मॅन्युअल्स त्याच भाषेत आणि तज्ज्ञही तिकडचे. आणि स्लोव्हाकियात १९८९पर्यंत शाळेत रशियन सक्तीची, म्हणजे त्या वयाच्या कुणालाही ती येणारच. काकांनी तीस-चाळीस वर्षांत वापरली नव्हती, पहिली पाच मिनिटं अडखळले, मग गाडी रुळावर आली. बाई बोलणार, काका मराठीत सांगणार, मधे मधे कुणीतरी प्रश्न विचारणार, असं दोन-अडीच तास चाललं आणि मी पहिल्यांदाच माझ्याच ग्रुपमध्ये मागे उभी राहून ऐकत होते.

स्मिझानी दिसायला साधं आहे, लांबच लांब रस्ता, दोन्हीकडे घरं, स्पिश्स्का नोव्हा व्हेस हे शहर अगदी चिकटून. पण लोकसंख्या आठ हजारांच्या वर आणि कित्येक वर्षं अख्ख्या देशातलं सगळ्यात मोठं खेडं म्हणून याचं नाव. अलीकडे ब्रातिस्लाव्हाजवळची खेडी भराभर वाढली ती गोष्ट वेगळी. त्याच देशात दुदिन्से म्हणून एक आहे, जेमतेम दीड हजार वस्ती, आणि ते मात्र शहर! बाईंना याचं अजिबात वाईट वाटत नव्हतं. गाव आहे ते गावच बरं, असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या नाशिककर काकूंनी त्यावर जोरात मान डोलावली.

मग गहाणाची गोष्ट निघाली, ती मला अर्धवट माहीत होती. १४१२मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याला पैशांची गरज पडली आणि त्याने स्पिश भागातली १३ गावं-शहरं पोलंडच्या राजाकडे चक्क गहाण टाकली. शेजारची नोव्हा व्हेस त्यात गेली, पोप्राद गेलं, स्मिझानी नाही गेलं. गहाण सुटलं १७७२मध्ये, म्हणजे ३६० वर्षांनी. चालत अर्ध्या-पाऊण तासावरचा शेजारी एका राजाच्या कारभारात आणि तुम्ही दुसऱ्या, आणि बाजार, सोयरिकी, खाणीतली कामं सगळी एकमेकांत, हे डोळ्यांसमोर आणलं की राजेलोकांचे तह फार लांबचे वाटायला लागतात. आणि इथे माणसंही एका प्रकारची नव्हती, स्लोव्हाक, जर्मन, हंगेरियन, ज्यू, रोमा म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात ते. गावाला जर्मन नाव वेगळं, हंगेरियन वेगळं. जर्मन बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतर गेले, घालवले गेले. ज्यूंचं काय झालं ते बाईंनी नंतर सांगितलं. रोमा आजही आहेत, गावाच्या कडेला त्यांची मोठी वस्ती आहे, बहुतेक घरं गरीबच. त्यांची दोन-तीन मुलं बसभोवती घुटमळत होती, इंडिया म्हटल्यावर त्यांचे चेहरे उजळले, कारण आपले पूर्वज तिकडून आले हे त्यांना घरातून माहीत असतं. सोलापूरच्या काकूंनी पर्समधली सगळी शेंगदाण्याची चिक्की त्यांना देऊन टाकली.

पण बाईंना खरं सांगायचं होतं ते यान नालेपकाबद्दल. भिंतीवर फोटो, तरुण, युनिफॉर्ममध्ये, केस मागे वळवलेले. जन्म १९१२, याच गावात, धंद्याने प्राथमिक शिक्षक. काकांनी हे सांगितल्याबरोबर आमच्यातले दोन रिटायर्ड मास्तर खुर्च्या पुढे ओढून बसले. १९३९मध्ये चेकोस्लोव्हाकिया फुटला, स्लोव्हाकिया वेगळा झाला पण हिटलरच्या मर्जीतला, आणि १९४१मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला तेव्हा स्लोव्हाक सैन्यही सोबत गेलं. नालेपकाही गेला, ऑफिसर म्हणून, बेलारूसमध्ये. काम काय तर जर्मनांच्या मागे राहून रेल्वे सांभाळायची आणि पार्टिझन लोकांचा, म्हणजे लपूनछपून जर्मनांशी लढणाऱ्यांचा, बंदोबस्त करायचा. एका मास्तरांनी लगेच विचारलं, म्हणजे हा हिटलरच्या बाजूने लढत होता? काकांनी प्रश्न रशियनमध्ये विचारला. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, पाठवला होता तिथूनच तर गोष्ट सुरू होते.

तिथे गेल्यावर गावं जाळलेली बघून, माणसं मारलेली बघून या मास्तराने काय केलं तर ज्यांचा बंदोबस्त करायचा त्या पार्टिझन्सशीच गुपचूप संधान बांधलं. जर्मन कुठे हालचाल करणार, कुठे घेरणार, याची माहिती तो पुरवायचा. युनिफॉर्म जर्मनांच्या साथीदार सैन्याचा, पकडला गेला असता तर सरळ गोळी. मे १९४३मध्ये काही सैनिकांना घेऊन तो उघड पलीकडे गेला आणि सबुरोव्ह या पार्टिझन कमांडरच्या फौजेत त्याने चेकोस्लोव्हाक तुकडी उभी केली, टोपणनाव रेपकिन. नोव्हेंबर १९४३मध्ये युक्रेनमधलं ओव्रुच घेताना स्टेशनजवळच्या लढाईत मारला गेला. वय ३१. १९४५मध्ये त्याला सोव्हिएत युनियनचा हीरो हा किताब मिळाला, मरणोत्तर. याच स्पिश भागातल्या व्होन्द्रिशेल गावाचं नाव १९४८मध्ये बदलून नालेपकोव्हो केलं, ते आजही तेच आहे.

आणि मग बाईंनी पोप्रादचं सांगितलं. आम्ही सकाळी जिथे ब्रेकफास्ट करून निघालो तेच पोप्राद. स्लोव्हाकियातून ऑशविट्झच्या नाझी छळछावणीला गेलेली ज्यूंची पहिली गाडी २५ मार्च १९४२ला तिथल्याच स्टेशनातून सुटली, आणि त्यात जवळपास १००० मुली आणि तरुण बायका होत्या, कामाला नेतो म्हणून गोळा केलेल्या. त्या एका वर्षात देशातून सुमारे ५८,००० ज्यू पाठवले. सांगायचा मुद्दा हा की नालेपका तिकडे बेलारूसमध्ये होता तेव्हा इकडे त्याच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर हे चाललं होतं, त्याच्याच सरकारच्या हुकमाने. काका भाषांतर करता करता मधेच थांबले, चष्मा काढून पुसला, आणि पुढचं वाक्य बाईंना परत विचारून घेतलं. कुणीच काही बोललं नाही. मी या रस्त्याने इतक्या वेळा ग्रुप नेलेत, पोप्रादला टाट्रा पर्वताचा व्ह्यू आणि हॉटेलचा बुफे यापलीकडे मी कधी काही सांगितलेलं नव्हतं, आणि हे मला मनापासून लागलं.

दुपारी जेवणाचं बघायला हवंच होतं. जवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये पिरोही मिळाले, करंजीसारखे, आत बटाट्याचं सारण, उकडलेले. फक्त वरून स्लानिना म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ते न घालता वेगळ्या भांड्यात उकडून द्या हे शेफला समजवायला परत काकांनाच न्यावं लागलं. उपासवाल्या काकूंना उकडलेले बटाटे आणि मीठ. बाईंनाही आग्रह करून जेवायला आणलं. त्या सांगत होत्या, लहानपणी, कम्युनिस्ट राजवटीत, शाळेतल्या मुलांना गळ्यात लाल रुमाल बांधून नालेपकाच्या स्मारकापुढे रांगेत उभं करायचे, तेव्हा पाय दुखायचे एवढंच कळायचं, पुढे मोठं झाल्यावर आजीकडून युद्धाच्या वेळचं ऐकलं तेव्हा फोटोतला माणूस खरा झाला. त्यांच्या आजीचा जन्म हंगेरीच्या राज्यातला, मग चेकोस्लोव्हाकिया, मग हिटलरच्या मर्जीतला स्लोव्हाकिया, मग परत चेकोस्लोव्हाकिया, आणि आजी आयुष्यभर एकाच घरात. आमच्यातल्या एका काकूंचं बालपण बिदरचं, निजामाच्या राज्यात जन्म, मग हैदराबाद स्टेट, मग म्हैसूर, मग कर्नाटक. त्यांनी काकांना म्हटलं, यांना सांगा आमच्याकडेही असंच झालं. मग दोघी काकांना मधे बसवून बराच वेळ बोलत होत्या.

पार्ट काही मिळाला नाही, पाचच्या सुमाराला दुसरी बस आली. लेव्होचा गेलं, तिथल्या चर्चमधला १८ मीटरच्या वर उंच लाकडी अल्टार म्हणजे वेदी गेली, कॅसल हायवेवरून लांबूनच दिसला. मी माइकवर सगळ्यांना सॉरी म्हणाले, आणि ऑफिसला कॅसलच्या तिकिटांचा रिफंड बघायला मेल टाकला. कम्प्लेंट एकही आली नाही. फीडबॅक फॉर्मवर त्या मास्तरांनी लिहिलं होतं की नालेपकाबद्दल अजून वाचायचंय, काही मिळालं तर पाठवा. मी पाठवलं.

त्यानंतर या रूटवर मी पोप्रादच्या स्टेशनासमोर बस पंधरा मिनिटं थांबवते आणि १९४२चं सगळं सांगते, मग दुपारचं जेवण स्मिझानीला. ऑफिसने आधी वेळ जातो म्हणून कुरकूर केली, पण कॅसलला सगळे ग्रुप दुपारच्या गर्दीत सापडतात आणि आम्ही उशिरा, गर्दी ओसरल्यावर पोचतो, हे त्यांना पटलं. ओझरच्या काकांनी बाईंना दिवाळीला रशियनमध्ये पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, आणि आता त्यांच्या पत्रांत काय चाललंय ते मला काकांच्या फोनवरून कळतं.